लॅपटॉप सारखा काळा पडतोय? 'चिप गेली' म्हणण्याआधी हे बघा

बीड, माजलगाव, अंबाजोगाईकडे लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं काम सुरू करायचं तर बरेच जण गेमिंग लॅपटॉप घेतात. निवड चांगली आहे. पण रेंडरला लावलं की स्क्रीन काळी, अन् गिऱ्हाईक दारात! लगेच कुणीतरी सांगतं, "चिप गेली." पैसे काढायची घाई करू नका.

विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिस्टीम लॉगमध्ये बंद पडल्याची वेळ शोधा. तिथे 'डिस्प्ले ४१०१' असेल, तर ग्राफिक्स कार्डाने सुमारे २ सेकंद उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने ड्रायव्हर पुन्हा चालू केला. 'कर्नल-पॉवर ४१' म्हणजे मशीन अचानक बंद पडलं. कारण तो सांगत नाही, पण चार्जर आणि उष्णता आधी तपासा.

४१०१ वारंवार येत असेल तर सेफ मोडमध्ये डीडीयूने जुना ड्रायव्हर पूर्ण काढा, मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा टाका. तरी थांबलं नाही, तर तोच प्रोजेक्ट पहाटे गारव्यात आणि भर दुपारी चालवून बघा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर, त्यात पत्र्याचं दुकान! फक्त दुपारीच बंद पडत असेल तर पंख्यातली धूळ काढून घ्या. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर काय लागू पडलं ते कळणारच नाही.

एवढं करूनही दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येसुद्धा तेच होत असेल, तर हार्डवेअरचा संशय धरा. वॉरंटी असेल तर मागचं झाकण उघडू नका. लॉगचे फोटो काढून सर्व्हिस सेंटरला दाखवा.