इंजिन फिरते, पण पेट घेत नाही

पावसाळ्यात मच्छे येथील औद्योगिक वसाहतीजवळून बेळगाव–खानापूर रस्त्याने जाताना कडेला अडून राहिलेली एखादी मोटार दृष्टीस पडतेच. चालक किल्ली फिरवितो, इंजिन घरघरते, पण पेट घेत नाही. जमलेल्यांपैकी कोणीतरी ‘बॅटरी उतरली’ असा निकाल देतो आणि पुष्कळदा नव्या बॅटरीचे पैसे फुकट जातात. सेल मारल्यावर इंजिन नेहमीच्या वेगाने फिरत असेल, तर बॅटरीने व स्टार्टरने आपले काम केलेले असते. दोष पुढे कोठेतरी आहे.

निकोलाउस ऑटो याने १८७६ साली चार स्ट्रोकचे इंजिन सिद्ध केले, तेव्हापासून पेट्रोल इंजिनाच्या गरजा त्याच आहेत: हवा व इंधन यांचे योग्य मिश्रण, त्यावर दाब आणि नेमक्या क्षणी ठिणगी. यांपैकी काय उणे आहे, एवढेच शोधावयाचे.

प्रथम टाकीत पेट्रोल आहे ना, ते पाहावे; काटा कधी कधी खोटे बोलतो! नंतर कान द्यावा. आजच्या इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत किल्ली ‘ऑन’वर आणताच टाकीतील पंप दोन-एक सेकंद गुणगुणतो. तो मुका असेल, तर त्याचा फ्यूज अथवा रिले तपासावा. किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहिला, तर गाडीने किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली लावून पाहावी.

पेट्रोलचा उग्र वास आला, तर इंधन पोहोचते आहे, पण जळत नाही. प्लग भिजले असतील, तर काही वेळ थांबून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारावा. मात्र एका वेळी दहा सेकंदांहून अधिक नाही. प्लग उपसून ठिणगी पाहण्याची जुनी रीत नव्या गाडीत धोक्याची आहे. पेट्रोलची वाफ तिने पेट घेऊ शकते. इंजिन एरवीपेक्षा हलके व भरभर फिरू लागले, तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शंका घेऊन लगेच थांबावे.

डिझेलची गोष्ट निराळी. तेथे ठिणगी नाही; दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटते. टाकी कोरडी पडली, की नळीत हवा शिरते आणि मग नुसते डिझेल भरून भागत नाही. पुष्कळ ट्रॅक्टरांवर व ट्रकांवर हातपंप असतो; त्याने ती हवा काढावी लागते.

पाण्यातून जाताना बंद पडलेल्या गाडीस मात्र यांतील एकही उपाय लागू नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. अशा वेळी सेल मारला, तर दट्ट्या अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून कोरड्या जागी न्यावी आणि मिस्त्रीने इंजिनातील पाणी काढीपर्यंत किल्ली खिशातच ठेवावी.