गाडी गरम झाली तरी आरपीएम उतरत नाही?

जुन्या पेट्रोल गाडीचं थंड इंजिन 1200-1500 आरपीएमवर फिरणं नॉर्मल आहे. पण गरम झाल्यावरही काटा 800-900 पर्यंत उतरत नसेल, तर बहुतेक वेळा कुठून तरी जादा हवा आत जातेय.

कृपा करून लगेच आयडल स्क्रू पिळू नका! आजार तसाच राहतो आणि पुढे खरा दोष काढला की गाडी सिग्नलला बंद पडते.

आधी ॲक्सिलरेटर केबल बघा, किंचित सैल हवी. मग व्हॅक्यूमचे रबरी पाइप. माझ्या गाडीत दोष इथेच सापडला: ब्रेक बूस्टरच्या पाइपला, बरोबर क्लिपखाली, नखाएवढी चीर. वरून दिसायचीच नाही, पाइप वाकवला तेव्हा तोंड उघडलं. कान जवळ नेला तर बारीक 'सूंऽऽ' ऐकू यायचं. (बाह्या आणि ओढणी फॅनबेल्टपासून लांब ठेवा.) हा पाइप चिकटपट्टीवर चालवू नका, ब्रेकचा मामला आहे. नवाच टाका.

पाइप ठीक असतील तर थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह साफ करा, काजळीनं तो अडकतो. आणि इंजिन थंड असताना कूलंट तपासा. ते कमी पडलं की तापमानाच्या सेन्सरभोवती हवा अडकते, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) इंजिन अजून थंडच वाटतं आणि तो आरपीएम चढाच ठेवतो.