दप्तर यंत्रात गेले, जबाबदारी कोठे गेली?

मृग तोंडावर आला की कंधार तालुक्यातील शेतकऱ्याची वाट शेताआधी कचेरीकडे वळते. सातबाराचा उतारा, आठ-अ, बँकेचे पासबुक आणि आधार कार्ड ही कागदपत्रे जुळल्यावाचून विकास सोसायटीचे पीककर्ज पुढे सरकत नाही, आणि बालाघाटाच्या कोरडवाहू माळावर पेरणीची वेळ कोणासाठी थांबत नाही. ही कागदपत्रे आता संगणकातून बाहेर पडतात आणि पूर्वीपेक्षा लवकर पडतात, हे कोणी नाकारणार नाही. तथापि एका कागदावर आडनाव वेगळे, दुसऱ्यावर वडिलांचे नाव अर्धवट, तिसऱ्यावर क्षेत्र दोन गुंठ्यांनी कमी अशी तफावत निघाली, तर खिडकीतून येणारे उत्तर बहुधा ठरलेले असते: "संगणकात तसेच आहे." या तीन शब्दांपुढे सामान्य माणूस निरुत्तर होतो. वास्तविक यंत्राने स्वतःहून काहीच लिहिलेले नसते. कोणीतरी ते भरलेले असते आणि कोणीतरी ते न तपासता पुढे जाऊ दिलेले असते. तो 'कोणीतरी' कोण, हा या विषयाचा खरा गाभा आहे.

वाणिज्य महाविद्यालयांतून 'माहिती तंत्रज्ञानाचे व्यवस्थापन' हा विषय शिकविला जातो. कच्ची नोंद व उपयुक्त माहिती यांतील भेद, अधिकारांची विभागणी, प्रत्येक बदलाचा माग, राखीव प्रत, नोंदीची मालकी या संज्ञा विद्यार्थी परीक्षेपुरत्या पाठ करतात आणि त्या कोण्या दूरच्या कारखानदारीतून आल्या असे समजतात. पण या साऱ्या कल्पना आपल्या गावच्या चावडीत संगणकाच्या कितीतरी आधीपासून नांदत होत्या. यंत्राने त्या आणल्या नाहीत. उलट यंत्र आले तेव्हा त्या सोबत न्यावयाच्या राहून तर गेल्या नाहीत ना, हेच पाहावयास हवे.

चावडीतील शहाणपण

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील फेरफाराची पद्धत पाहावी. जमिनीची खरेदी झाली वा वारस लागले, तर तलाठी, ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गाव नमुना सहामध्ये नोंद घेतो. ती नोंद चावडीत प्रसिद्ध होते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत मिळते आणि मगच मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा आणि मध्ये साऱ्या गावाचे डोळे! व्यवस्थापनशास्त्र ज्याला अधिकारांची विभागणी म्हणते, ती याहून वेगळी काय असते? शिवाय सातबारावरील जुने नाव खरवडून टाकले जात नाही. त्यास कंस केला जातो आणि कोणत्या फेरफाराने बदल झाला, त्याचा क्रमांक शेजारी वर्तुळात लिहिला जातो. पन्नास वर्षांनंतरही वाचणाऱ्यास कळते की, हे नाव कसे गेले आणि ते कसे आले.

हे दप्तर यंत्रात नेण्याचा प्रयत्न जुना आहे. केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रयोग आरंभिला, त्यात महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. पुढे राज्यभर सातबारा संगणकात भरला गेला, ई-फेरफार प्रणाली आली आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला. या प्रवासातील सर्वांत अर्थपूर्ण टप्पा मात्र कोणत्या यंत्राचा नव्हता. २०१७ साली गावोगावी 'चावडी वाचन' झाले. संगणकातील सातबारा ग्रामस्थांपुढे मोठ्याने वाचावयाचा, मूळ हस्तलिखिताशी ताडावयाचा आणि चुका टिपावयाच्या, असा तो उपक्रम होता. यंत्रात काय भरले आहे याची सत्यता यंत्र सांगू शकत नाही, ती ज्याची जमीन त्यानेच सांगावी लागते, हे तत्त्व त्यात मान्य झाले होते. जेथे हे वाचन मनःपूर्वक झाले तेथे पुढचे हेलपाटे वाचले. जेथे ते उरकले गेले, तेथील खातेदाराला अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. चूक कारकुनी असते, पण हेलपाटे आणि बुडालेला रोज शेतकऱ्याचा असतो.

दोन कर्जमाफ्यांचा धडा

व्यवस्था आधी की यंत्र आधी, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने दोन कर्जमाफ्यांतून मोठी किंमत देऊन मिळविले आहे. जून २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. दीड लाख रुपयांपर्यंतच्या थकबाकीस माफी होती. त्यासाठी शेतकऱ्यानेच ऑनलाइन अर्ज भरावयाचा होता. सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या. दिवाळीच्या तोंडावर प्रमाणपत्रे वाटली गेली, परंतु अर्जातील मजकूर आणि बँकांकडील खाती यांचा मेळ बसेना. एकाच आधार क्रमांकासमोर अनेक कर्जदार दिसल्याची उदाहरणे पुढे आली आणि वाटप रखडले. जी माहिती बँकेच्या खतावणीत आधीच होती, तीच कर्जदाराकडून नव्याने मागविली गेली. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की ती दोन तऱ्हांनी लिहिली जाते, हा कोणत्याही मुनिमाला ठाऊक असलेला नियम येथे विसरला गेला.

डिसेंबर २०१९ मधील महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत क्रम उलटला. अर्जच नव्हता. बँकांनी आपल्या खात्यांची माहिती कळविली, याद्या गावात लागल्या, शेतकऱ्याने यादीतील आपला विशिष्ट क्रमांक घेऊन आधार प्रमाणीकरण करावयाचे आणि दाखविलेली रक्कम मान्य आहे की नाही एवढेच सांगावयाचे. अमान्य असल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे तक्रार करण्याची सोय होती. तेथेही वंचित राहिलेले होतेच. तथापि संगणक तेच, बँका त्याच आणि शेतकरीही तेच असताना पहिल्या वेळचा गोंधळ दुसऱ्या वेळी बराच टळला, याचे कारण नोंदीचा धनी कोण हे आधी ठरविले गेले होते.

सोसायटीच्या उंबरठ्यावर

हा धडा आता पुन्हा उपयोगी पडावयाचा आहे. जून २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली आणि त्यासाठी २,५१६ कोटी रुपयांची तरतूद ठरली. कंधार व लोहा तालुक्यांतील विकास सोसायट्यांसारख्या संस्था, जिल्हा मध्यवर्ती बँक आणि राज्य सहकारी बँक एकाच हिशेबप्रणालीने जोडाव्यात, असा हेतू आहे. हेतू स्तुत्य आहे. सभासदाचे येणे किती आणि व्याज कोणत्या तारखेपासून लागले हे क्षणात दिसेल, तर मार्चअखेरीस होणारे जुने-नवे करण्याचे कागदी खेळ झाकणे कठीण होईल.

परंतु नोंद भरण्याचा पासवर्ड आणि ती मंजूर करण्याचा पासवर्ड एकाच माणसाच्या खिशात असेल, तर मंडळ अधिकाऱ्याच्या सहीने साधलेले संरक्षण संगणकात नाहीसे होईल. पहिल्या दिवशीची शिल्लक भरताना जुन्या खतावणीतील वादग्रस्त येणी तशीच उतरविली, तर कालचा संशय उद्याचा पुरावा ठरेल. कारण छापील कागदावर माणसांचा विश्वास लवकर बसतो. म्हणून यंत्र सुरू करण्यापूर्वी प्रत्येक सभासदाची बाकी सभेत वाचून दाखविणे, म्हणजे सोसायटीचेही एक चावडी वाचन करणे, हाच निर्धोक मार्ग होय.

नावांचा प्रश्नही असाच आहे. लोहा हा कंधारमधून निघालेला तालुका, लातूर हा १९८२ साली उस्मानाबादेतून निघालेला जिल्हा, आणि २०२३ मध्ये खुद्द उस्मानाबादचे धाराशिव झाले. ज्या दप्तराने गावाला एक न बदलणारा क्रमांक दिला, त्याला अशा नामांतराची वा विभाजनाची अडचण पडत नाही. ज्याने केवळ नावावर भिस्त ठेवली, त्याच्याकडे एकाच गावाची दोन गावे होतात.

वाचता येणे म्हणजे जपणे

मराठवाड्याला आणखी एक गोष्ट अनुभवाने कळलेली आहे. हैदराबाद संस्थानाचे दप्तर उर्दूत आणि काही मोडीत होते. सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्याची वेळ आली, तेव्हा कागद होते, पण ते वाचणारी माणसे थोडी उरली होती. राखीव प्रत ठेवली म्हणजे जतन झाले, असे मानणाऱ्यांनी यावरून बोध घ्यावा. आजची प्रणाली उद्या बंद पडेल, नवी येईल. जुन्या नोंदी नव्या प्रणालीत वाचता येतील अशी तजवीज केली नाही, तर पुढच्या पिढीला संगणकाचीही मोडी होईल.

कंधारला राष्ट्रकूटकालीन शिलालेख सापडला आहे. देणग्या आणि त्यांतून कोणकोणते खर्च चालवावयाचे, हे त्यात कोरलेले आहे. त्या काळच्या राज्यकर्त्यांनी हिशेब दगडावर कोरविला तो टिकावा म्हणून, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणूनही. टिकाऊपणा आणि उघडपणा या दोन्ही गुणांवाचून कोणतीही नोंद विश्वासास पात्र होत नाही.

वहीकडे परत जाण्याचा सल्ला कोणी शहाणा माणूस देणार नाही. वहीतही मनमानी होती, आणि उताऱ्यासाठी तलाठ्याची वाट पाहण्यात दिवसच्या दिवस गेल्याचे जाणते लोक विसरलेले नाहीत. मागणी एवढीच असावी की, प्रत्येक प्रणालीवर चूक कोणी दुरुस्त करावयाची आणि किती दिवसांत, हे ठळक अक्षरांत लिहिलेले असावे. खिडकीतील कारकुनाला 'संगणकात तसेच आहे' यापुढचे वाक्य बोलण्याचा अधिकार द्यावा. शिक्षकांनी या विषयाच्या व्याख्या शिकविताना गावचा सातबारा वर्गात आणावा, आणि विद्यार्थ्यांनी सुटीत घरी गेल्यावर आपल्या खात्याचा उतारा वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावा. त्यातील एखादी चूक पेरणीपूर्वी सापडली, तरी शिकण्याचे सार्थक झाले असे म्हणता येईल.