धार आणि धूळ

सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा दारावर आला, की ठिणग्या पाहायला पोरे भोवती जमतात. ठिणगी दिसते, धूळ दिसत नाही. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराने या न दिसणाऱ्या धुळीची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजली.

शेफील्डची काटे-सुऱ्यांची पेठ जगभर नावाजलेली. पण तो माल घासला जाई वालुकाश्माच्या चाकांवर, आणि दगडाची भुकटी कारागिरांच्या छातीत साचे. कोरड्या चाकावर काम करणाऱ्यांचे आयुष्य सरासरी जेमतेम ३५ वर्षांचे आणि ओल्या चाकावरच्यांचे क्वचितच ४५ च्या पुढचे, असे फ्रेडरिक एंगल्सने १८४५ साली लिहिले. धुळीपासून बचावाची साधने निघाली होती. पण ती कित्येक कारागिरांनीच नाकारली. काम निर्धोक झाले तर माणसे वाढतील आणि मजुरी उतरेल, ही भीती!

आज हौसेने सुऱ्या घडवणाऱ्यांकडे दगडी चाकाऐवजी बेल्ट ग्राइंडर असतो. चाकांवरून वेगाने फिरणारा, पॉलिश पेपरसारखा खरखरीत पट्टा. बहुधा २ इंच रुंद, ७२ इंच लांब. वालुकाश्म गेला, तरी पोलादाची आणि मुठीच्या लाकडाची बारीक भुकटी उरतेच. तिला रुमाल पुरत नाही. बारीक कण अडवणारा मास्कच हवा. लाकडाचा भुसा साठलेल्या पिशवीत ठिणग्या गेल्या तर आग लागते, म्हणून दोन्ही कामांची धूळ वेगळी ठेवावी.

पट्टा बदलण्याआधी प्लग काढावा. पट्ट्याच्या आत बाण छापलेला असेल, तर तो फिरण्याच्या दिशेने हवा. मग हाताने फेरे देऊन पाहावे. पट्टा एका बाजूला सरकत असेल, तर चाक कलवणारा स्क्रू थोडाथोडा फिरवून तो मध्यावर आणावा. त्यानंतर बाजूला उभे राहून, बटण क्षणभर दाबून बंद करावे. हात टेकवायच्या पट्टीत आणि पट्ट्यात सुमारे ३ मिलिमीटरच फट ठेवावी. जास्त राहिली तर पाते आत खेचले जाते, मागोमाग बोटेही.

डोळ्यांना बाजूनेही झाकणारा गॉगल हवा. हातमोजे मात्र नकोत. फिरत्या पट्ट्यात मोजा अडकला, तर हात ओढला जातो. सैल बाही, ओढणी आणि मोकळ्या केसांचेही तेच. शिवाय पाते तापल्याचे उघड्या बोटांना आधी कळते. चटका जाणवण्याआधीच ते पाण्यात बुडवावे. कडक केलेल्या साध्या पोलादावर निळसर झाक आली, की तिथली धार पुढे टिकत नाही. शेवटची पातळ धार लावताना तिचे तोंड येणाऱ्या पट्ट्यासमोर धरू नये. ती रुतून पट्टा फाटतो, पाते उडते.

शेफील्डच्या कारागिरांना पोटासाठी श्वास गहाण टाकावा लागला. हौशी माणसावर ती सक्ती नाही. आणि जिथे हे काम पोटासाठी चालते, तिथे मास्क आणि धूळ ओढणारा पंखा पुरवणे ही मालकाची जबाबदारी आहे.