वळिवड्याचे पोलिश आणि न्यायासनावर बसलेला आरोपी

जोतिबाला गुलाल-खोबरं उधळायला जाणाऱ्या भाविकाला कोल्हापूर शहराच्या दुसऱ्या अंगाचं, पूर्वेकडचं गांधीनगर ठाऊक असतं ते कापडाच्या बाजारासाठी. फाळणीनंतर इथे वसलेल्या सिंधी निर्वासितांच्या आधी या भागात दुसरेच निर्वासित राहून गेले. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसं होती. बायका-मुलंच जास्त. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकंही होत.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंडचे लचके तोडले. रशियाने आपल्या वाट्याच्या मुलखातली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सैबेरिया-कझाकस्तानात नेली. त्यांतली काही १९४२ मध्ये इराणमार्गे सुटली आणि पुढे भारतात आली. १३ एप्रिल १९४० च्या धरपकडीत मुख्यतः पोलिश लष्करी अधिकारी आणि पोलिसांच्या घरच्यांना उचललं होतं. खुद्द हे अधिकारी रशियाच्या कैदेत होते. त्याच सुमारास, स्टालिनच्या सहीच्या हुकुमाने, सुमारे बावीस हजार कैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या. कातिनचं जंगल हे त्यांतलं सर्वांत कुप्रसिद्ध ठिकाण.

हे प्रकरण युद्धानंतर नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यात पोचलं, पण उलटं होऊन. सोव्हिएत वकिलांनी कातिनचं पाप जर्मनांच्या माथी मारलं. ज्याने खून केला तोच फिर्यादी आणि त्याचाच एक न्यायाधीश खंडपीठावर! जुलै १९४६ मध्ये दोन्ही बाजूंचे तीन-तीन साक्षीदार तपासले गेले. आरोप काही टिकेना. निकालपत्रात कातिनबद्दल अवाक्षर नाही. जर्मनांवर दोष ठेवला नाही, आणि खरा गुन्हेगार कोण हे विचारायची सोयच त्या न्यायालयात नव्हती. तिथे खटले चालायचे होते ते फक्त हरलेल्यांवर.

मॉस्कोने गुन्हा कबूल केला तो १९९० मध्ये. चौकशी सुरू झाली, ती २००४ मध्ये कोणावरही खटला न भरता गुंडाळली गेली. बरेचसे कागद गोपनीय ठरले. वारसदार स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. २०१३ चा निकाल असा: ज्या कराराखाली हे न्यायालय चालतं तो १९५० चा, हत्या १९४० च्या, म्हणून त्यांच्या तपासाचा प्रश्न आमच्या कक्षेत येत नाही. रशियाने कागद दडवले, एवढा ठपका मात्र ठेवला. कायद्याच्या चौकटीत हे बसतं; सत्तर वर्षं थांबलेल्या लेकीला ते पटवून कसं देणार?

हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयही १ जुलै २००२ च्या आधीच्या गुन्ह्यांना हात लावू शकत नाही. भारत, अमेरिका, चीन, रशिया त्याचे सदस्य नाहीत. त्याच्याकडे स्वतःचे पोलीसही नाहीत. मार्च २०२३ मध्ये त्याने पुतिन यांच्यावर अटक वॉरंट काढलं, तेही युक्रेनमधली मुलं बेकायदा रशियात नेल्याच्या आरोपावरून. सप्टेंबर २०२४ मध्ये पुतिन मंगोलियाला गेले. तो देश या न्यायालयाचा सदस्य, म्हणजे अटक करायला बांधलेला. उलानबातरमध्ये त्यांना मानवंदना मिळाली आणि ते परत गेले.