पूर्वकथेची मर्यादा

१९८० च्या दशकात दिल्लीच्या दूरदर्शनने ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन विज्ञानमालिका भारतीयांच्या घरी आणली. तिच्या कथाकाळाआधीच्या शतकाची हकीकत सांगणारी ‘एंटरप्राइज’ २००१ मध्ये आली आणि २००५ मध्ये थांबली. रसिक तिच्यावर रुष्ट का झाले? शेवट ठाऊक होता म्हणून नव्हे. कीर्तनातील आख्यानाचाही शेवट श्रोत्यांना ठाऊकच असतो. आक्षेप निराळा होता. मानवाला चोविसाव्या शतकात प्रथम भेटलेले बोर्ग येथे दोन शतके आधीच अवतरले. अखेरच्या भागात तर नायकांची कथा दुसऱ्याच मालिकेतील पात्रांच्या नजरेतून दाखविली गेली. कल्पित विश्वालाही स्वतःचा इतिहास असतो. तो मोडला, की आधीच्या कथेवर ठेवलेला विश्वास डळमळतो. पूर्वकथाकाराला स्वातंत्र्य असते, परंतु ते त्या विश्वासाच्या मर्यादेतच शोभते.