हंगामाचा जमाखर्च : कान्स नगरीच्या उत्सवाचा मागोवा

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील कान्स नगरीचे नाव निघाले की लाल गालिचा, त्यावरून पायऱ्या चढणाऱ्या नटनट्या आणि त्यांच्यावर रोखलेले शेकडो कॅमेरे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु ज्या गावाची कायम वस्ती पाऊण लाखाच्या आसपास, त्या गावाने दर वर्षी मे महिन्यात आपल्या वस्तीच्या दुपटीतिपटीने लोटणारी गर्दी कोणाच्या पैशाने, कोणाच्या देखरेखीखाली आणि कोणाच्या परवानगीने सांभाळली, हे जाणून घ्यावयाचे तर चित्रपटाच्या इतिहासाकडून नगरपालिकेच्या कारभाराकडे वळावे लागते. तसे वळले म्हणजे दिसून येते की हा उत्सव कलेच्या कळवळ्यातून जितका जन्मला तितकाच तो हॉटेलवाल्यांच्या चिंतेतूनही जन्मला, आणि त्यावरील गावाची पकड कलेच्या निवडीत कधीच नव्हती. ती होती जागेत, तारखांत आणि बंदोबस्तात.

इंग्लंडचे माजी लॉर्ड चॅन्सेलर ब्रूम हे १८३४ साली पटकीच्या साथीमुळे नीसच्या वाटेवर अडवले गेले आणि कोळ्यांच्या या गावात मुक्कामास राहिले, तेथून कान्सच्या भाग्योदयास प्रारंभ झाला. पुढील पाऊणशे वर्षे हे ठिकाण हिवाळ्याचे होते. पहिल्या महायुद्धानंतर जुनी सरदारमंडळी विरळ झाली, समुद्रस्नानाची आवड वाढली आणि हंगाम उन्हाळ्यात सरकला. हंगामावर जगणाऱ्या गावाला दोन गोष्टी हव्या असतात : हंगाम लांबवणारे निमित्त आणि ते निमित्त पोसणारा पैसा. त्यांपैकी दुसरीची तजवीज फ्रेंच कायद्याने आधीच करून ठेवली होती. १५ जून १९०७ च्या कायद्याने समुद्रस्नानाच्या, औषधी झऱ्यांच्या आणि हवापालटाच्या ठिकाणांपुरती जुगाराच्या खेळांस मुभा दिली. या मुभेच्या मोबदल्यात कॅसिनोचालकाने नगरपालिकेशी करारनामा करावा आणि खेळाच्या उत्पन्नाचा वाटा गावाच्या तिजोरीत भरावा, असा शिरस्ता पडला. आजच्या कायद्यात या वसुलीची कमाल मर्यादा खेळाच्या ढोबळ उत्पन्नाच्या १५ टक्के आहे, आणि करारनाम्यात गावच्या कलाविषयक कार्यक्रमांस हातभार लावण्याची कलमेही असतात. पाठोपाठ १९१० साली अशा गावांना मुक्कामी पाहुण्यांवर कर बसवण्याचा अधिकार मिळाला. माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर प्रवासी कराची पावती ज्यांनी घेतली आहे त्यांना ही कल्पना मुळीच परकी वाटणार नाही. जुगाऱ्याच्या हरण्यातून गाणेबजावणे चालावे यात काहींना अप्रशस्तता वाटेल. मला मात्र ही व्यवस्था गरिबाच्या घरपट्टीतून रोषणाई करण्यापेक्षा पुष्कळ प्रामाणिक वाटते.

निमित्त मिळाले ते राजकारणातून. १९३८ साली व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च मानाचे मुसोलिनी-चषक जर्मन व इटालियन चित्रपटांच्या पदरात पडले; ते पाहून परतलेल्या फिलिप एर्लांजे यांनी फ्रान्सचा स्वतंत्र महोत्सव भरवण्याची कल्पना मांडली आणि शिक्षणमंत्री जाँ झे यांनी ती उचलून धरली. महोत्सव ठरला, गाव ठरेना. १९३९ च्या मे महिन्याच्या प्रारंभी अटलांटिक किनाऱ्यावरील बियारित्झची निवड जवळजवळ पक्की झाली होती. परंतु कान्सचे पाठीराखे, ज्यांत तेथील बडे हॉटेलमालक अग्रभागी होते, स्वस्थ बसले नाहीत. नगरपालिकेने अधिक रक्कम देऊ केली, पारडे फिरले, आणि ३१ मे रोजी सरकार व नगर यांच्यात करार झाला. प्रारंभाची तारीख ठरली १ सप्टेंबर, म्हणजे उन्हाळी पाहुणे परतू लागण्याच्या नेमक्या वेळी. हॉटेलवाल्यांचे गणित यापेक्षा स्पष्ट शब्दांत कोणी लिहिले नसते. दुर्दैव असे की त्याच दिवशी जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या, आणि 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम' या एका चित्रपटाच्या खासगी खेळापलीकडे त्या वर्षी काही घडले नाही.

युद्ध संपल्यावर २० सप्टेंबर १९४६ रोजी महोत्सव खरोखर उघडला तो नगरपालिकेच्या कॅसिनोत, म्हणजे ज्या वास्तूच्या उत्पन्नावर गावचा थाटमाट चाले त्याच वास्तूत. व्यवस्थेचा बोजवारा असा की हिचकॉकच्या 'नोटोरियस'ची रिळे उलटसुलट क्रमाने लावली गेली, अशी हकीकत अद्याप सांगतात. तरी सर्वोच्च पुरस्कार एकाच वेळी ११ चित्रपटांना वाटला गेल्यामुळे पाहुणे बहुधा संतुष्ट होऊन परतले असावेत. त्या ११ त चेतन आनंद यांचा 'नीचा नगर' होता. आता गावास स्वतःचे सभागृह हवे झाले, आणि क्रुआझेत या समुद्रालगतच्या रस्त्यावर नगरपालिकेने महोत्सव-प्रासाद उभारावयास घेतला. कामगार संघटनांच्या सभासदांनीही या बांधकामास हात लावला, आणि 'सेजेते' या कामगार महासंघास महोत्सवाच्या संचालक मंडळावर जागा मिळाली, जी पुढे दीर्घ काळ टिकली. काम पुरे होण्याआधीच वादळाने छप्पर उडवले. पैशाची ओढाताण इतकी होती की १९४८ आणि १९५० या दोन्ही वर्षी महोत्सव भरलाच नाही. १९५१ साली मात्र महत्त्वाचा फेर झाला : सप्टेंबर सोडून महोत्सव वसंतात आणला गेला. व्हेनिसशी होणारी टक्कर टळली, आणि उन्हाळ्याचे शेपूट लांबवण्याऐवजी त्याचे तोंडच अलीकडे ओढले गेले. गावाच्या दृष्टीने हा सौदा अधिक किफायतीचा ठरला.

देखरेखीचा प्रश्न यापेक्षा गुंतागुंतीचा होता. महोत्सव चालवणारी संस्था ही सार्वजनिक हितासाठी नोंदलेली मंडळी, तिच्या संचालक मंडळावर सरकारी खात्यांचे व चित्रपटव्यवसायाचे प्रतिनिधी. चित्रपट मात्र त्या त्या देशांची सरकारे पाठवीत. व्ही. शांताराम यांचा 'अमर भूपाळी' १९५२ साली स्पर्धेत होता, तो याच राजनैतिक शिरस्त्याच्या काळात. होनाजी बाळाची भूपाळी क्रुआझेतवर ऐकू यावी, यात एक गंमत आहेच. या शिरस्त्याची काळी बाजू १९५६ साली दिसली : आलँ रेने यांचा नाझी छळछावण्यांवरील अनुबोधपट पश्चिम जर्मनीच्या हरकतीवरून अधिकृत निवडीतून वगळला गेला. ज्या गावाने सभागृह बांधले त्याला या निर्णयात काडीचा शब्द नव्हता. निर्णय पॅरिसच्या कचेऱ्यांत झाला. १९७२ पासून चित्रपटांची निवड महोत्सव स्वतः करू लागला, सरकारांची मध्यस्थी संपली, परंतु गावाचे स्थान होते तेथेच राहिले. १९६८ च्या मे महिन्यात पॅरिसमधील उठावाच्या झळा पोहोचून १९ तारखेस महोत्सव अर्ध्यावरच आटोपावा लागला, तेव्हाही सूत्रे चित्रपटवाल्यांच्या हातांत होती. गावाच्या वाट्यास आल्या त्या रिकाम्या पडलेल्या खोल्या.

गावाची सत्ता कोठे आहे हे १९८३ साली ठसठशीतपणे दिसले. जुना प्रासाद अपुरा पडू लागल्यावर नगरपालिकेने बंदरालगतचे आपले कॅसिनो पाडले आणि त्याच जागी नवा, अवाढव्य प्रासाद बांधला. काँक्रीटच्या त्या ढिगाऱ्यास पत्रकारांनी 'बंकर' हे नाव बहाल केले, आणि ते अन्यायाचे होते असे मला म्हणवत नाही. आत पुन्हा एक कॅसिनो आहेच. महोत्सव वर्षातून दोन आठवड्यांचा. उरलेले वर्ष काय करावयाचे? या प्रश्नाचे उत्तर म्हणून दूरचित्रवाणीचा बाजार, संगीताचा बाजार, १९८४ पासून जाहिरातवाल्यांचा सोहळा, १९९० पासून स्थावर मालमत्तेचा मेळा अशी रांग लागली, आणि तिचा व्याप सांभाळण्यास नगरपालिकेच्या प्रमुख भागीदारीची 'सेमेक' ही कंपनी आहे. चित्रपट महोत्सवाचा सुमारे निम्मा खर्च सार्वजनिक तिजोऱ्यांतून येतो : राष्ट्रीय चित्रपट केंद्र, प्रांत, जिल्हा आणि नगर. नगराची खरी देणगी रोख रकमेत मोजून भागत नाही; ती वास्तूत, झाडलोटीत, पोलिसांत आणि बंद ठेवलेल्या रस्त्यांत आहे.

परवानगीचे कामही मुलखावेगळे आहे. १८८४ च्या नगरपालिका कायद्याने सुव्यवस्था, सुरक्षितता आणि आरोग्य यांची जबाबदारी नगराध्यक्षावर टाकली. रहदारी वळवणे, संगीताच्या वेळा ठरवणे, पदपथावर मांडव घालू देणे हे सर्व त्याच्या हुकमाने होते. पण वाळू त्याची नव्हे. समुद्रतट राज्यसत्तेचा, त्याचा पट्टा नगरास, नगराकडून पोटपट्टा हॉटेलवाल्यास, आणि हॉटेलवाल्याकडून चार रात्रींसाठी कोणा निर्मात्यास. २००६ च्या हुकमानंतर तटावरील बांधकाम उकलून काढता येण्याजोगेच असावे लागते. मेजवानीसाठी उभारलेल्या मोठ्या तंबूची दारे, बाहेर पडण्याच्या वाटा आणि विजेची जोडणी सुरक्षा समितीने तपासल्यावाचून आत पाहुणा घेता येत नाही; निर्माता कितीही बडा असो, निमंत्रणपत्रिका छापून झालेल्या असोत, अधिकाऱ्याची सही नसेल तर दिवे लागत नाहीत. नगराध्यक्षाच्या हुकमांनाही वेसण आहे : २०१६ साली बुर्किनी या अंगभर स्नानवेशावर बंदी घालणारी फर्माने या किनाऱ्यावरील गावांनी काढली, कान्सनेही काढले, तेव्हा शेजारच्या गावाचे फर्मान सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने स्थगित केले. उलट जिल्ह्याचा प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडील जिल्हाधिकाऱ्याच्या जवळचा अंमलदार, याचा शब्द सहसा अखेरचा असतो. २०२३ साली निवृत्तिवेतनाच्या वादात त्याने महोत्सवाच्या काळात क्रुआझेत व आसपास निदर्शनांस मनाई केली. ज्या कामगार महासंघाच्या लोकांनी पहिल्या प्रासादाचे काम केले होते, त्यालाच त्या रस्त्यावर मोर्चा काढता येईना.

कान्सचा कित्ता डोळ्यांपुढे ठेवून २००४ साली भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीस आणला गेला, तेव्हा गंगा उलट वाहिली. कान्समध्ये गावाने सरकारकडे धाव घेऊन उत्सव मिळवला. पणजीत राज्य सरकारने मनोहर पर्रीकरांच्या पुढाकाराने गोवा मनोरंजन संस्था स्थापली, बहुपडदा चित्रगृह उभारले आणि यजमानपद त्या संस्थेकडे दिले. नगराची पालिका बाजूसच राहिली. वीस वर्षांनंतर तेथे मांडवीकाठच्या वर्दळीचा हिशेब नेमका कोणाच्या वहीत मांडायचा, हा प्रश्न म्हणूनच अधूनमधून डोके वर काढतो.

कान्समध्ये ती वही एकच आहे, आणि तिच्यात अलीकडे एक रकाना रिकामा पडला. २०२० च्या वसंतात महासाथीमुळे महोत्सव रद्द झाला तेव्हा प्रासादात बेघरांची सोय करण्यात आली होती. पुढल्या वर्षी जुलैत का होईना, उत्सव परतला. दूरचित्रवाणीच्या बाजाराचे तसे झाले नाही. १९६० च्या दशकापासून दर वसंतात भरणारा हा बाजार एप्रिल २०२४ मध्ये कान्समध्ये अखेरचा भरला, आणि पुढील वर्षी आयोजकांनी आपले बिऱ्हाड लंडनला हलवले. एप्रिलमधील त्या तारखांना नवा भाडेकरू शोधण्याचे काम मग सेमेककडे आले.